आठ अक्षरांची पोरं

भाऊसाहेबांना कॉम्प्युटर येत नव्हता. त्यांना त्यातला एक प्रोग्राम येत होता, लिहिण्याचा, आणि आमच्या शाळेत होते तोवर त्या प्रोग्रामच्या बाहेर ते एकदाही पडले नाहीत.

"बाहेर काय हाय, बाई? काळा पडदा नि लुकलुकणारा टिपका. तिथं उभं ऱ्हायलं की वाटतं आपण गावाच्या शिवेबाहेर आलो. त्यापेक्षा आपलं घरातच बरं."

मुरबाडहून म्हशाला जाणारा रस्ता सोडून आत वळलं की आमची आश्रमशाळा लागायची. एका संस्थेची होती. सातवीपर्यंतचे वर्ग, आणि मुलं-मुली तिथेच राहणारी. बहुतेकांचे आईबाप दिवाळी आटोपली की वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडाला परतायचे. भाऊसाहेब तिथले लेखनिक. आमच्याकडे कचेरीतल्या लेखनिकाला भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सापगावचे, पन्नाशीला टेकलेले, काटकुळे. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, आणि खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम बंद पडलेलं. ते का ठेवता म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुणी पेन मागितलं की हे द्यायचं. माणूस दोन रेघोट्या मारतो नि परत करतो."

मी शहापूरची. तेव्हा पंचवीस-सव्वीसची, नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. नवरा कल्याणला नोकरीला, म्हणून शनिवारी दुपारी मी कल्याण गाठायची आणि सोमवारी सकाळी पहिल्या एसटीने परत यायची.

तो कॉम्प्युटर मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने जुना झाला म्हणून संस्थेला दिलेला. त्याच्या पोटात काही साठायचं नाही. तोंडाला दोन फटी होत्या. एका फटीत प्रोग्रामची फ्लॉपी घालायची, दुसरीत आपल्या लिखाणाची. मराठी उमटावं म्हणून आत वेगळं कार्ड बसवलेलं. चालू केला की सरळ तो लिहिण्याचा प्रोग्रामच समोर यायचा, कारण जोडून द्यायला आलेल्या माणसाने तशी सोय करून दिली होती. पडद्यावर हिरव्या अक्षरांत इंग्रजी यादी यायची, एकेका अक्षराला एकेक काम.

भाऊसाहेबांनी ती अक्षरं आपल्या भाषेत लावून घेतली होती, आणि मला शिकवलं तेही तसंच. "डी म्हणजे दार. दार उघडलं की फाइल उघडते. पी म्हणजे पान, ते छापायचं. ओ म्हणजे ओढ, या फ्लॉपीवरनं त्या फ्लॉपीवर ओढून न्यायचं. ई म्हणजे 'ए, तुझं नाव काय रं?' त्यानं नाव बदलतं. नि वाय..." इथे ते आवाज उतरवायचे. "वाय म्हणजे यम. त्यानं पुसतं."

"आणि एक्स?"

"ती फुली. फुलीला हात नाय लावायचा."

पुसण्याचा त्यांचा एक विधी होता. आधी चपला काढायच्या. मग ती फाइल उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची, मग ते तांदळाच्या मागणीचं तीन वर्षांपूर्वीचं पत्र का असेना. वाचून झालं की खोलीत जो कोण असेल त्याला विचारायचं, "हिचं काम झालं का?" त्याने "झालं" म्हटल्याशिवाय ते वाय दाबत नसत. खोलीत कुणी नसेल तर पुसणं दुसऱ्या दिवसावर. मुख्याध्यापक वैतागायचे. मला मात्र मजा वाटायची. मी मुद्दाम उशीर लावून "झालं, भाऊसाहेब" म्हणायची आणि ते गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे.

त्या प्रोग्राममध्ये फाइलीचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे, तेही इंग्रजी. कचेरीच्या कागदांची नावं सरळ होती. पण त्यांच्या बरोबरीने त्याच फ्लॉपीवर दुसरी नावं दिसायची. रडकी, खोकला, भाकरी, भाकरी दोन, मांजरी, पळपुटा, असली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आणि आठांत कोंबलेली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले होते.

"हसू नका, बाई. ही पोरं हायत."

पोरंच होती ती. ज्यांचे आईबाप भट्टीवर जायचे अशा प्रत्येक मुलाची भाऊसाहेबांनी एकेक फाइल केली होती. शाळेच्या दाखल्यात पालकाचा पत्ता म्हणून वाडीचं नाव असे, आणि दिवाळीनंतर वाडीला एखादी म्हातारी आणि चार कोंबड्या सोडल्या तर कुणी नसे. म्हणून दिवाळी झाली की भट्टीवाल्यांचे ट्रक जिथे थांबत त्या फाट्यावर भाऊसाहेब जाऊन उभे राहायचे. गाठोडी चढत असायची, कोंबड्या पाय बांधून फेकल्या जात असायच्या, आणि हे त्या गडबडीत एकेकाला अडवून विचारायचे. भट्टी कुणाची? मुकादम कोण? फाटा कुठला? उतरल्यावर नदी ओलांडावी लागते का? पोर आजारी पडलं तर आधी काय होतं? आल्यावर सगळं त्या फाइलीत. माणसं एका भट्टीवरून दुसरीवर गेली की निरोप यायचा, कधी एसटीच्या कंडक्टरकडून, कधी दुधवाल्याकडून. तो आला की फाइल उघडायची आणि बदल करायचा. "वहीत खाडाखोड हुते," म्हणायचे, "मंग चौथ्या टायमाला कंचं खरं ते कळत नाय. यात कसं, जुनं जातं नि नवं ऱ्हातं."

आणि दर जूनला, मुलं सुट्टीवरून परतली की, ते ई दाबून नावं बदलायचे. पोर बदललं की नाव बदललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहिलीत महिनाभर रडणाऱ्या सोनीची फाइल 'रडकी' होती. तिसरीत ती 'हसरी' झाली. चौथीत ती वर्गात सगळ्यांच्या पुढे गेली, गणितं तोंडी सोडवायला लागली, तेव्हा जूनची वाट न बघता दिवाळीनंतरच भाऊसाहेबांनी तिचं नाव 'मास्तरीण' करायचं ठरवलं, पण दीर्घ 'री'ला दोन ई लावले की ते आठांत बसेना. दोन दिवस ते अक्षरं मोजत होते. शेवटी एक अक्षर खाऊन त्यांनी ते बसवलं आणि सोनीला बोलावून दाखवलं. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "यात मी कुठं हाय?" भाऊसाहेब म्हणाले, "आत. दार उघडतो, बघ." तिने आपलं वाचलं. आईबाप पडघ्याच्या बाजूला कुठल्या भट्टीवर आहेत, मुकादम कोण, सगळं वाचलं आणि खूश होऊन पळाली.

मुलांना याची सवयच झाली होती. प्रार्थना संपली की दोघं-तिघं कचेरीच्या दाराशी यायची. "भाऊसाहेब, माझी आय कुठं हाय आज?" आणि ते दार उघडून वाचून दाखवायचे. आई काल होती तिथेच असायची. पण ऐकायला मुलं रोज यायची.

एकदाच मी त्यांना विचारलं होतं की हे कशासाठी. ते फ्लॉपी शर्टाच्या बाहीने पुसत होते. म्हणाले, "माझी आय गेली तवा मी मामाकडं कसाऱ्याला व्हतो. सांगायला माणूस निघाला तो आधीच खर्डीला उतरला. तिथं चौकशी केली नि परत गेला." एवढंच. मग ते पुन्हा पुसायला लागले.

त्यांच्या या फाइलींमुळे एकदा फजिती झाली. जिल्ह्याच्या कार्यालयाने वसतिगृहाच्या आहाराबद्दल काही खुलासा मागवला होता. भाऊसाहेबांनी तो टंकला, पण छापताना नाव चुकलं आणि दुसरीच फाइल निघाली. मुख्याध्यापकांनी न बघता सही ठोकली. आठ दिवसांनी पाकीट परत आलं. आतल्या कागदावर सहीच्या वर एवढंच होतं: "भाकरी मोडून देऊ नये. अख्खी द्यावी. मोडलेली दिली की कुणाचं तरी उष्टं आहे असं तिला वाटतं आणि ती उठून जाते." खाली लाल शाईत कुणीतरी लिहिलं होतं, 'बोध होत नाही.' शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो. पण संस्थेचे चिटणीस हसले नाहीत. त्यांनी भाऊसाहेबांना सर्वांसमोर सुनावलं की कॉम्प्युटर संस्थेचा आहे, तुमच्या गोष्टी लिहायला नाही, आणि छपाईची रिबन यापुढे फक्त सरकारी कागदाला वापरायची. भाऊसाहेब "व्हय" म्हणाले. त्यामुळे पोरांच्या फाइलींची छापील प्रत कधी निघाली नाही.

दुसऱ्या फ्लॉपीवर मात्र ते नेमाने सगळं ओढून ठेवत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरली. तबकडीवर पांढरे ठिपके आले आणि ती वाचेनाशी झाली. मुरबाडला तेव्हा फ्लॉपी मिळत नव्हती. "बाई, तुमी कल्याणला जाता. दोनच आना." मी हो म्हटलं. सोमवारी त्यांनी विचारलं, मी म्हटलं राहिलं हो. पुढच्या सोमवारीही राहिलं. नंतर ते नुसतं माझ्या पिशवीकडे बघायचे, आणि मग तेही त्यांनी बंद केलं. स्टेशनापासून चार दुकानं सोडून फ्लॉपी मिळत होती. मी त्या दुकानावरून दर आठवड्याला जात होते.

जानेवारीत म्हशाची जत्रा भरली. भाऊसाहेब जत्रेला दोन दिवसांची रजा घ्यायचेच. बैल घ्यायचा नसे की विकायचा नसे, पण बाजारातल्या प्रत्येक बैलाचं वय विचारत ते हिंडायचे आणि येताना एक घोंगडी आणायचे. खरं काम वेगळंच होतं. भट्टीवरची माणसं जत्रेला एक दिवस येतात, मुकादम येतात. तिथे त्यांना सगळी खबर एका जागी मिळायची.

त्यांच्या रजेच्या पहिल्याच दिवशी दुपारी शाळेची वार्षिक तपासणी होती. अहवाल टंकायचं काम माझ्याकडे. सकाळपासून बसले होते. तक्ते, याद्या, वर्षभराचे उपक्रम. अकराच्या सुमाराला जतन करायला गेले तर पडद्यावर ओळ आली की फ्लॉपी भरली, जागा नाही.

नवी फ्लॉपी नव्हती. ती का नव्हती ते मला ठाऊक होतं. तसंच सोडून बाहेर पडले असते तर सकाळपासूनचं काम गेलं असतं. छापायला तासभर लागणार होता आणि चिटणीस मुरबाडहून निघाल्याचा निरोप आला होता. अशा वेळी लिहिता लिहिता आतूनच दुसरी फाइल पुसता येते, हे मला भाऊसाहेबांनीच शिकवलं होतं. कंट्रोल दाबून के आणि जे. नाव विचारतं, नाव टंकायचं, ती फाइल गेली.

आधी मी कचेरीच्या कागदांच्या जुन्या नकला काढल्या. जागा पुरेना. कचेरीची पत्रं काढायची छाती होईना, न जाणो एखादं लागायचं. मग यादीत ती नावं दिसली. खोकला. पळपुटा. भाकरी दोन. आत काय आहे ते बघायला चालू मजकूर सोडावा लागला असता. पण आत काय आहे ते मला माहीतच होतं. मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं की त्या घाईत सुचलं नाही. ते खरं नाही. एकेक नाव हाताने टंकावं लागत होतं. आठ आठ अक्षरं. मी एकवीस नावं टंकली. म्हसा तिथून अर्ध्या तासावर होतं. शाळेत दोन सायकली होत्या. कुणालाही पाठवून विचारता आलं असतं. मला तेव्हा असं वाटलं की भाऊसाहेबांचा हा एक चाळा आहे आणि माझं काम हे काम आहे.

अहवाल जतन झाला. तपासणी छान झाली. अधिकाऱ्यांनी तक्त्यांचं कौतुक केलं, चिटणिसांनी माझं.

दोन दिवसांनी भाऊसाहेब खांद्यावर घोंगडी टाकून आले. बसल्या बसल्या त्यांनी फ्लॉपी घातली, यादी आली. ती त्यांनी वरपासून खाली वाचली. मग पुन्हा वाचली. मी समोर वह्या तपासत होते, लाल पेन हातात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बाई, परवा लाइट गेलती का?"

मी म्हटलं, "हो. मधेच गेली होती."

"असंल मंग," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते आठवून आठवून लिहायला लागले. जत्रेत भेटलेल्यांची माहिती ताजी होती, ती आधी उतरवली. बाकीच्यांसाठी मुलांना एकेक बोलावून विचारायचे. पण मुलांना काय माहीत, मुलं तर त्यांच्याकडेच ऐकायला यायची. दहा-बारा फाइली पुन्हा उभ्या राहिल्या. सोनीचे आईबाप जत्रेत आले नव्हते. मार्गशीर्षात त्यांनी भट्टी बदलल्याची चिठ्ठी आली होती, ती भाऊसाहेबांनी फाइलीत उतरवून घेतली आणि टाकून दिली. नवी भट्टी कुठली ते त्यांना काही केल्या आठवेना. कपाळावर मूठ मारत बसायचे. "नदी ओलांडायची व्हती. नदी व्हती एवढं नक्की."

पंधरा दिवसांनी सोनीला कावीळ झाली. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवली तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि ताप उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आईला बोलावून घ्या. भाऊसाहेब त्याच पावली पडघ्याला गेले. तिथल्या झोपड्यांत दुसरीच माणसं. कुणी सांगितलं वांगणीकडे गेले, कुणी सांगितलं नेरळ. एसटीने जायचे, फाट्यावर उतरून भट्टी भट्टी पायी हिंडायचे.

मी सोनीपाशी बसायची. पहिले दोन दिवस ती "आय, आय" करत होती. मग मला म्हणाली, "बाई, भाऊसाहेबांना इचारा ना. त्यांच्यात लिवलंय आय कुठं हाय ते." मी म्हटलं, विचारते. तिने संध्याकाळी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवसापासून तिने आईचं नाव घेणं सोडलं. ताप तेव्हा जरा उतरला होता, शुद्ध चांगली होती, पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

पाचव्या दिवशी भाऊसाहेब आईला घेऊन आले. कर्जतच्या अलीकडे नदीपलीकडे सापडली. तिचे केस मातीने लाल झालेले, कडेवर तान्हं. ती सोनीला कवळायला गेली तर सोनी वळली नाही. आईने दोनदा हाक मारली. मग ती बाहेर व्हरांड्यात आली. तिथे चिटणीस आलेले होते, मुख्याध्यापक होते, भाऊसाहेब भिंतीला टेकून उभे होते, त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"तुमी लिवून घेतला व्हता ना?" ती भाऊसाहेबांना म्हणाली. "आमी निरोप धाडला व्हता ना? मंग पाच दिस पोर कशी टाकली तुमी? मरत व्हती माझी पोर, नि तुमाला ठाव नाय आमी कुठं हाव?"

चिटणिसांनी विचारलं, "काय हो, तुम्ही तर सगळं लिहिता ना त्या मशीनवर?"

भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बस येतेय का म्हणून आपण रस्त्याच्या टोकाला बघतो तसं. मी तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "माझ्याकडनं पुसलं गेलं."

ती त्यांच्या पायाशी थुंकली आणि आत गेली.

सोनी बरी झाली. आई तिला परस्पर घेऊन गेली. "नाय ठेवायची आता. जगली तर माझ्याम्होरं जगंल." चौथीचा निकाल लागला तेव्हा तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायचं काम माझ्याकडेच होतं. भाऊसाहेबांना संस्थेने ज्ञापन दिलं आणि महिन्याभरात शहापूरच्या गोदामावर धाडलं, तांदळाची पोती मोजायला. बदलीचा कागद हातात घेऊन ते दोन दिवस कचेरीत रेंगाळले. मला वाटलं मुलांतून पाय निघत नसेल. तिसऱ्या दिवशी सकाळी मला "येतो, बाई" म्हणाले आणि गेले. कॉम्प्युटरवर मग मीच बसायला लागले.

पंधरा-सोळा वर्षं गेली. मी ती शाळा सोडून मुरबाडच्या एका शाळेत आले, पुढे मुख्याध्यापिका झाले. तिथे नवे कॉम्प्युटर आले तेव्हा शिकवायला आलेला तरुण शिक्षक आम्हाला दाखवत होता. "हे बघा मॅडम, फाइल उघडायची चौकट आहे ना, तिच्यातूनच नाव बदलता येतं, इथूनच पुसता येतं. प्रोग्रामच्या बाहेर जायलाच नको." सगळ्या शिक्षिका वहीत उतरवून घेत होत्या. मी उठून बाहेर आले. त्या रविवारी मी सापगावला गेले.

भाऊसाहेब निवृत्त झाले होते. अंगणात सुपात वाल निवडत बसलेले. केस पार पांढरे, चष्म्याच्या काचा जाड. त्यांनी मला लगेच ओळखलं, बसायला पाट दिला. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. त्या दिवशी काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. फ्लॉपीचंही सांगितलं. ते वाल निवडत ऐकत होते.

"मला ठाव व्हतं," ते म्हणाले.

"कसं?"

"लाइट गेली तर हातातलं आख्खं जातं, बाई. ती निवडून नाय नेत."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी बोलाल म्हनून थांबलो. त्या व्हरांड्यात थांबलो. कागद आला तवा पन दोन दिस थांबलो. नवीन पोरगी हाय, घाबरली असंल, उद्या बोलंल. मंग थांबायचं सोडलं." सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाले, "आता मला सांगून काय उपेग? सोनीच्या आयेला सांगा. तिनं इस्वासानं निरोप धाडला नि मी टाकून दिला, असं तिच्या मनात बसलंय. ते काढा."

मी लगेच गेले नाही. तो पावसाळा काढला. परीक्षा काढल्या. ऑक्टोबरात, वाडी रिकामी व्हायच्या आत, एकदाची गेले. सोनीची आई भात झोडत होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. फाइल म्हणजे काय ते तिला कळेना, म्हणून मी म्हटलं, "भाऊसाहेबांनी लिहून ठेवलं होतं. बरोबर लिहिलं होतं. ते मी पुसलं. मुद्दाम नाही, पण मीच. आणि तुम्ही त्यांना बोललात तेव्हा मी तिथेच उभी होते."

मला वाटलं आता ती मला काही बोलेल. पण ती म्हणाली, "म्हंजे मी त्या बाबाच्या पायाशी थुकले ते..." आणि खालीच बसली. मग म्हणाली, "मला न्या तिकडं."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी सापगावला गेलो. अंगणात शिरताच ती भाऊसाहेबांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं. "मी तुमच्यावर थुकले," ती म्हणाली.

"पोर आजारी असली म्हंजे आय काय पन करंल. सोनी कशी हाय?"

सोनीचं लग्न झालं होतं. दोन मुलं. दिवाळीनंतर तीही भट्टीवर जायची. हे सांगताना आईचा आवाज बदलला. भाऊसाहेबांनी मुलांची नावं विचारली, वयं विचारली. थोरली मुलगी सहाची. "शाळेत घातलीव?"

"कुठली शाळा! येते आमच्यासंगं."

मी म्हटलं, "माझ्या शाळेत घालू या तिला. मी बघेन सगळं."

सोनीच्या आईने तोंड भाऊसाहेबांकडे वळवलं. भाऊसाहेबांच्या बायकोने चहा आणला. तो पिऊन होईपर्यंत ते दोघं भाताबद्दल, मेलेल्या मुकादमाबद्दल, पुलावरच्या नव्या रस्त्याबद्दल बोलत होते. मी ओट्याच्या कडेला बसून ऐकत होते.

निघताना भाऊसाहेब थांब्यापर्यंत आले. ती दोघं पुढे, मी मागे. मुरबाडची एसटी आली तेव्हा त्यांनी कंडक्टरला बजावलं, हिला फाट्यावरच उतरवा, पुढे नेऊ नका. मला म्हणाले, "या." मलाही त्याच बसने जायचं होतं. ती खिडकीपाशी बसली. शेजारची जागा मोकळी होती, मी तिथे टेकले.

बस पुलावर आली तेव्हा कंडक्टर आला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला विचारलं, "दोघी संगतीनं का?"

ती खिडकीतून वळली.

"नाय," म्हणाली. "मी एकटीच हाय."